फ्लूच्या लशीतलं अ‍ॅडज्युव्हंट: पासष्टीनंतर खरंच फरक पडतो का?

मुठाकाठ
ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लावायला फ्लूच्या लशीबद्दल एक पानी माहितीपत्रक करायचं आहे. शिबिर मे अखेरीस, पावसाच्या आधी. निम्म्या सभासदांची मुलं परदेशात आहेत, त्यामुळे प्रश्न ठरलेला: "तिकडे म्हाताऱ्यांना अ‍ॅडज्युव्हंटवाली देतात म्हणे, मग आम्हाला साधी का?"
तर तीन प्रश्न. अ‍ॅडज्युव्हंट, म्हणजे लशीत जोडीला घालतात तो पदार्थ, शरीरात नेमकं करतं काय? फ्लूच्या बाबतीत फरक किती पडतो, नुसता रक्ततपासणीत की आजारातही? आणि ते नसेल तर साधी लस टोचून घेण्यात अर्थ आहे का?
"प्रतिकारशक्ती वाढते" हे वाक्य आमच्या फलकावर आधीच तीनदा आहे, एकदा गुळवेलीच्या खाली. तेवढं सोडून सांगा.

लसिकाग्रंथी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल.
नेहमीच्या फ्लूच्या लशीत विषाणू वाढवून, मारून, फोडून त्याच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन घेतलेलं असतं. दर स्ट्रेनमागे, म्हणजे विषाणूच्या प्रत्येक प्रकारामागे, १५ मायक्रोग्रॅम. हे प्रथिन जितकं स्वच्छ कराल तितका ताप-अंगदुखीचा त्रास कमी, पण शरीरही त्याची तितकीच कमी दखल घेतं. खरा विषाणू घुसतो तेव्हा पेशी मरतात, त्यांच्यातला ऐवज बाहेर सांडतो, बोंबाबोंब होते. स्वच्छ प्रथिन गुपचूप येतं नि गुपचूप जातं. ती बोंबाबोंब अ‍ॅडज्युव्हंट करून देतं.
फ्लूमध्ये सर्वांत जास्त वापरलेलं म्हणजे एमएफ५९. हे असलेली लस १९९७ मध्ये इटलीत आली, अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्यांसाठी २०१५ मध्ये. स्क्वॅलीन नावाच्या तेलाचे पाण्यात तरंगणारे थेंब, साधारण १६० नॅनोमीटरचे. ०.५ मिलीच्या डोसात स्क्वॅलीन ९.७५ मिलिग्रॅम, आणि थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पॉलिसॉर्बेट ८० नि सॉर्बिटन ट्रायओलिएट, प्रत्येकी १.१७५ मिलिग्रॅम.
दंडाच्या स्नायूत हे गेलं की तिथल्या पेशींतून थोडं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर पडतं आणि ती धोक्याची खूण ठरते. आसपासच्या पेशी केमोकाइन ही बोलावणं धाडणारी प्रथिनं सोडतात, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी गोळा होतात, प्रतिजन (लशीतलं विषाणूचं प्रथिन) नि तेल दोन्ही उचलतात आणि काखेतल्या लसिकाग्रंथींकडे निघतात. तिथे मदतनीस टी-पेशी जास्त तयार होतात, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या बी-पेशींच्या निवडीच्या फेऱ्या जास्त होतात. म्हणजे प्रतिपिंडं नुसती संख्येनं वाढत नाहीत. पकड घट्ट होते आणि थोड्या बदललेल्या विषाणूलाही ती धरतात. फ्लूच्या बाबतीत हा दुसरा फायदा मला मोठा वाटतो.

शंकासुर
थोडक्यात फोडणी. वरण तेच, पण मोहरी तडतडली की सगळं घर स्वयंपाकघरात.

पोथीनिष्ठ
आपल्याकडे शब्द आहे की: अनुपान. औषध मधात किंवा तुपात चाटवतात ते. अ‍ॅडज्युव्हंटला सरळ अनुपान म्हणा.

लसिकाग्रंथी
पोथीनिष्ठ, शब्द छान आहे, पण निम्माच लागू पडतो. अनुपान औषधाला स्वतःबरोबर घेऊन जातं. तुरटीच्या कुळातलं अ‍ॅडज्युव्हंट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे क्षार, प्रतिजनाला खरंच चिकटवून घेतात. धनुर्वात, घटसर्प, हिपॅटायटिस बी या लशी तशाच. तिथे अनुपान चालेल.
एमएफ५९ मध्ये मात्र प्रतिजन थेंबाला चिकटत नाही, शेजारी पाण्यात मोकळंच असतं. प्राण्यांमध्ये तर एमएफ५९ आधी टोचून नंतर त्याच जागी प्रतिजन टोचलं तरी परिणाम दिसलाय. जागा मात्र तीच हवी. तेव्हा हे वाहून नेणारं अनुपान नव्हे. ही दवंडी आहे. दवंडी पिटली की त्या चौकात माणसं जमतात, मग जो माल तिथे असेल तो उचलला जातो.

शंकासुर
पेठेतल्या चौकात माणसं जमतील, पण आधी दवंडीतल्या व्याकरणाच्या चुका काढतील.

मुठाकाठ
😄 दवंडी पत्रकात घेतोय. मग फ्लूसाठी तुरटीच का नाही वापरत? स्वस्त आहे, जुनी आहे.

लसिकाग्रंथी
जुनी म्हणजे १९२६ पासूनची. ग्लेनी या इंग्रज संशोधकानं घटसर्पाच्या टॉक्सॉइडवर (निकामी केलेल्या विषावर) तुरटी वापरली. त्याच्या जरा आधी फ्रान्सात रामों घोड्यांना टॉक्सॉइडबरोबर साबुदाण्यासारखा टॅपिओका टोचून बघत होता. टोचल्या जागी सूज आली की प्रतिपिंडं जास्त मिळतात, एवढं त्याला कळलं होतं.
तुरटी प्रतिजन साठवून हळूहळू सोडते असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात टोचलेली जागाच दोन तासांत काढून टाकली, तरी प्रतिसाद तितकाच आला. साठवणीची गोष्ट तिथेच ढिली पडली.
फ्लूच्या फोडलेल्या विषाणूच्या लशींत तुरटीनं प्रतिपिंडं फारशी वाढत नाहीत, बर्ड फ्लूच्या चाचण्यांत तर निकाल कधी इकडे कधी तिकडे. शिवाय तुरटी प्रतिसादाला टीएच२, म्हणजे प्रतिपिंडांकडे झुकणाऱ्या, एकाच अंगाला कलवते. म्हणून तिच्यात भर घालायची पद्धत आली. कोविडच्या कोव्हॅक्सिनमध्ये तुरटीवर टीएलआर ७/८ या पेशींतल्या धोकासूचकांना चेतवणारा रेणू चिकटवलाय, कॉर्बेव्हॅक्समध्ये तुरटीबरोबर सीपीजी हा कृत्रिम डीएनएचा तुकडा.

हडपसर_लोकल
आणि आपल्या हडपसरलाच बनलेल्या कोव्होव्हॅक्स या कोविड लशीत मॅट्रिक्स-एम. क्विलाया या चिली देशातल्या झाडाच्या सालीतलं सॅपोनिन, कोलेस्टेरॉल नि फॉस्फोलिपिडबरोबर बांधून सूक्ष्म कण केलेले, डोसात ५० मायक्रोग्रॅम. सॅपोनिन म्हणजे पाण्यात फेस करणारा पदार्थ, आपल्या रिठ्यातही असतो. मोकळं सॅपोनिन लाल पेशी फोडतं, म्हणून ते असं बांधावं लागतं. हेच मॅट्रिक्स-एम घालून फ्लूची लसही मोठ्या चाचणीपर्यंत गेली होती.

पोथीनिष्ठ
रिठा आहे, टॅपिओका आहे. आता कोणी राजगिरा म्हणू नका.

राजगिरा
बोलावलंत? आयडी उगाच नाही घेतला. स्क्वॅलीन लशींसाठी प्रामुख्यानं खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतातून काढतात, पण ते ऑलिव्हच्या तेलात असतं आणि राजगिऱ्याच्या तेलात तर वनस्पतींच्या मानानं भरपूर. उसाच्या साखरेवर यीस्ट पोसून त्यापासूनही करता येतं. शिवाय आपलं यकृत ते रोज बनवतं, कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरचा तो मुक्काम आहे. आणि कपाळावरचा तेलकटपणा? त्यातही आहे.
म्हणून "परकं तेल टोचतात" हा आक्षेप टिकत नाही. राजगिऱ्याचा लाडू खाऊन लस जोरात लागते असंही नाही. पोटात जाणं वेगळं आणि थेंब होऊन स्नायूत जाणं वेगळं.

बटणमोजा
दुसऱ्या प्रश्नाकडे या. "प्रतिपिंडं दीडपट झाली" हे वाचून नाचण्याआधी तो आकडा येतो कसा ते बघा.
फ्लूची नेहमीची चाचणी म्हणजे हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन. विषाणू लाल पेशींना एकमेकींना चिकटवतो, रक्तातली प्रतिपिंडं ते थांबवतात. एक भाग सीरममध्ये तीन भाग आरडीई हे एन्झाइम घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं, मग ५६ अंशांवर अर्धा तास. नंतर १:१० करून घ्यायचं. व्ही आकाराच्या तळाच्या प्लेटमध्ये दर खान्यात २५ मायक्रोलिटर, प्रत्येक पुढच्या खान्यात निम्मं पातळ: १०, २०, ४०, ८०. त्यात २५ मायक्रोलिटर विषाणू, बरोबर ४ युनिट. १५ मिनिटं थांबून टर्की पक्ष्याच्या ०.५ टक्के लाल पेशी ५० मायक्रोलिटर. अर्ध्या तासानं प्लेट तिरकी धरायची. जिथे प्रतिपिंडांनी विषाणू रोखला तिथे लाल पेशी तळाशी बटणासारख्या बसतात आणि तिरकं केल्यावर अश्रूसारख्या ओघळतात. जिथे रोखला नाही तिथे बटण नाही, सगळीकडे फिकट पसारा. ओघळणारं शेवटचं बटण ज्या खान्यात, त्याच्या पातळपणाचा आकडा म्हणजे टायटर.
चुकतं कुठे? आरडीई टाळलं तर सीरममधलेच इतर पदार्थ विषाणूला अडवतात आणि टायटर फुगतो. विषाणूचे ४ ऐवजी ८ युनिट पडले तर टायटर निम्म्यावर येतो, म्हणून त्याच दिवशी विषाणू पुन्हा मोजून घ्यायचा. लाल पेशी शिळ्या असल्या तर फुटतात. एच३एन२ चे अलीकडचे विषाणू टर्कीच्या पेशींना धडपणे धरतच नाहीत. तिथे गिनीपिगच्या ०.७५ टक्के पेशी, एक तास, आणि न्यूरामिनिडेज या विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनानं घोळ घालू नये म्हणून २० नॅनोमोलर ओसेल्टामिव्हिर हे औषध.
आता मुद्दा. या पट्टीवर खुणाच दुप्पट-दुप्पट अंतरावर आहेत. एक खाना इकडेतिकडे ही मोजणाऱ्याची नेहमीची चूक. अमेरिकेत मंजुरीसाठी जी चाचणी झाली, तीत पासष्टीपुढच्या लोकांत एमएफ५९ विरुद्ध साधी यांचं सरासरी टायटरचं गुणोत्तर एच१एन१ ला १.४ च्या आसपास, एच३एन२ ला १.६, बी ला जेमतेम १.१५. हजारो लोकांच्या सरासरीत हे खरं आहे. एका आजोबांच्या प्लेटमध्ये ते एक खानाही नाही.

शंकासुर
म्हणजे सरासरीनं नदी कमरेइतकी.

डॉ_कर्वेरोड
बटणमोजांनी मांडलंय ते पक्कं, एक पुरवणी. १:४० झालं की संरक्षण, असं जो तो म्हणतो. तो आकडा १९७२ चा, मोठ्या माणसांवरून काढलेला, आणि तिथेही अर्थ एवढाच की लागण होण्याची शक्यता निम्म्यावर येते. लहान मुलांत तेवढ्याच संरक्षणाला १:११० च्या आसपास लागतं असं एमएफ५९ च्या चाचणीतूनच दिसलं. वृद्धांत तर टायटर चांगला असूनही माणूस आजारी पडतो, कारण त्या वयात टी-पेशींचं पारडं जड असतं आणि ही प्लेट टी-पेशी मोजतच नाही.

मुठाकाठ
मग आजारात फरक किती? की तिथेही सरासरीच?

लसिकाग्रंथी
कोणाला टोचता यावर सगळं आहे. माझ्या मते या धाग्याचं उत्तर इथेच आहे, पण ते "म्हाताऱ्यांना जास्त फायदा" इतकं सरळ नाही.
अ‍ॅडज्युव्हंटचा जोर दिसतो तो त्या विषाणूची ओळखच नसलेल्या शरीरात. सहा महिने ते सहा वर्षांखालच्या मुलांत फिनलंड नि जर्मनीत झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली: साध्या लशीची परिणामकारकता ४३ टक्के, एमएफ५९ वाल्या लशीची ८६. असा फरक लशींच्या जगात रोज दिसत नाही.
दुसरं टोक बर्ड फ्लू. एच५एन१ ची साधी लस अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झाली ती ९० मायक्रोग्रॅमच्या दोन डोसांची, नेहमीच्या सहापट, आणि तरीही निम्म्या लोकांतच पुरेसा प्रतिसाद. एएस०३ हे दुसरं स्क्वॅलीनचं अ‍ॅडज्युव्हंट घातल्यावर ३.७५ मायक्रोग्रॅमच्या दोन डोसांत काम झालं. म्हणजे तेवढ्याच प्रथिनात चोवीसपट डोस. साथीत कारखान्यातून लस अपुरी निघत असते तेव्हा याचं महत्त्व कळतं.
मोठ्या माणसानं आयुष्यभरात फ्लू दहा वेळा पाहिलेला असतो. स्मृतिपेशी तयारच असतात. साधं प्रथिन दिसलं तरी त्या उठतात, दवंडीची गरज कमी. म्हणून तिशी-चाळिशीच्या धडधाकट माणसात अ‍ॅडज्युव्हंटचा लाभ किरकोळ. वृद्ध मधोमध: स्मृती आहे, पण थायमस (टी-पेशी तयार करणारी ग्रंथी) आकसलेला, नव्या टी-पेशी थोड्या, आणि प्रतिजन उचलून नेणाऱ्या पेशी मंद. दवंडीचा उपयोग होतो, पण ऐकणारेच कमी उरलेत.

काथ्याकूट
पहिला भेटलेला फ्लू मनात घर करतो त्याचं काय? ओळख असली की जुन्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं पुन्हा निघतात, नव्याला बरोबर बसणारी कमी.

लसिकाग्रंथी
काथ्याकूट, बरोबर. १९६० मध्ये फ्रान्सिसनं त्याला मूळ प्रतिजनाचं पाप म्हटलं. अ‍ॅडज्युव्हंट ते पाप पूर्ण धुत नाही. पण एमएफ५९ बरोबर दिलेल्या लशीत प्रतिपिंडं हिमॅग्लुटिनिनच्या देठाऐवजी माथ्याकडच्या भागाला जास्त लागतात असं दिसलंय, आणि पेशीला चिकटायला विषाणू माथाच वापरतो.

बटणमोजा
माथा मात्र दरवर्षी बदलतो, हेही लिहा. देठ फारसा बदलत नाही.

लसिकाग्रंथी
लिहिलं असं समजा. 🙂

डॉ_कर्वेरोड
वृद्धांतल्या आजाराचा आकडा सांगतो, कारण तो कोणी सांगत नाही. एमएफ५९ वाल्या चार स्ट्रेनच्या लशीची पासष्टीपुढच्यांत मोठी चाचणी झाली, तुलना फ्लूशी संबंध नसलेल्या लशीशी. कुठल्याही फ्लूविरुद्ध परिणामकारकता १९.८ टक्के, ठरवलेलं लक्ष्य चुकलं. लशीशी जुळणाऱ्या स्ट्रेनविरुद्ध ४९.९. त्या काळात एच३एन२ लशीशी जुळत नव्हता. दवंडी कितीही जोरात पिटा, चौकात चुकीच्या माणसाचा फोटो लावला असेल तर पकडणार कोणाला?
तुलनेला जास्त मात्रेची लस: ६० मायक्रोग्रॅम, अ‍ॅडज्युव्हंट नाही. साध्या लशीशी थेट तुलनेत पासष्टीपुढच्यांत फ्लूचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी. अमेरिकेच्या सल्लागार समितीनं जून २०२२ मध्ये पासष्टीपुढे जास्त मात्रेची, ४५ मायक्रोग्रॅमची रिकॉम्बिनंट (विषाणू न वाढवता पेशींत प्रथिन बनवलेली) किंवा अ‍ॅडज्युव्हंटवाली, या तिघींना पसंती दिली. तिघींतली कुठलीही चालेल. आणि तिन्ही नसतील तर वयाला चालणारी कुठलीही द्या, थांबू नका, हेही त्याच शिफारशीत आहे. परदेशातली मुलं फोनवर हे शेवटचं वाक्य सांगत नाहीत.

शंकासुर
आता माझ्या नावाला जागतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या लशीनं युरोपात मुलांना झोपेचा आजार झाला. त्यातही हेच स्क्वॅलीन होतं ना? ज्येष्ठांना हे विचारायला कोणीतरी उभं राहणारच.

लसिकाग्रंथी
प्रश्न रास्त आहे, झाकायचं कारण नाही. ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड नि स्वीडनमधून नार्कोलेप्सीच्या, म्हणजे त्या झोपेच्या आजाराच्या, नोंदी आल्या, पॅन्डेमरिक्स ही स्वाइन फ्लूची लस घेतलेल्या मुलांत नि किशोरांत. संबंध नंतर सिद्धही झाला. त्यात एएस०३ होतं: डोसात स्क्वॅलीन १०.६९ मिलिग्रॅम, अल्फा टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्वाचं रूप ११.८६, पॉलिसॉर्बेट ८० ४.८६.
पण दोष एकट्या स्क्वॅलीनवर येत नाही. कॅनडात तेच एएस०३ घातलेली लस दिली, तिथे वाढ फारच थोडी. फरक होता प्रतिजन कुठे नि कसं बनवलं यात. बहुतेक रुग्णांत एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ हा जनुकप्रकार आढळला. चीनमध्ये त्या लशीविना, साथीनंतरच नार्कोलेप्सी वाढलेली दिसली. म्हणजे विषाणूचं प्रथिन, जनुकं आणि दवंडीचा जोर, तिन्ही एकत्र आले असावेत. एमएफ५९ मध्ये टोकोफेरॉल नाही, आणि त्याच्याबाबतीत असा संकेत आला नाही.

डॉ_कर्वेरोड
रोजचा त्रास विचारा. एमएफ५९ वाल्या लशीत दंड दुखणं साधारण २५ टक्के, दाबल्यावर दुखणं २१ टक्के. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत थांबतं. मनगटावर आधी टिचकी मारून मग नाडी बघणाऱ्यांनाही कळेल इतपतच.

पोथीनिष्ठ
डॉक्टर, ही म्हण कुठली?

डॉ_कर्वेरोड
आत्ताच जन्मली. बारशाला या.

थंडसाखळी
एवढं शास्त्र झालं, आता कुपीकडे बघा. शिबिरात लस बिघडते ती उकाड्यानं कमी आणि गोठून जास्त.
साठवण २ ते ८ अंश. अ‍ॅडज्युव्हंटवाली असो की साधी, गोठली की टाकायची. तेलाचे थेंब गोठल्यावर फुटून एकत्र येतात, मग ते १६० नॅनोमीटरचं गणित संपलं. तुरटीच्या लशीत कणांचे गठ्ठे होतात. तिथे शेक टेस्ट करता येते: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवायची, संशयित कुपीबरोबर हलवून शेजारी ठेवायची. गोठलेलीत गाळ झरझर बसतो. संशयित कुपीतला गाळ तितक्याच वेगानं बसला तर तीही बाद. पण साध्या फ्लूच्या लशीत तुरटीच नाही, तिला ही चाचणी लागूच नाही. गोठली तरी डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे फक्त तापमानाची नोंदवही.
आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये कोंबायचे नाहीत. टेबलावर पसरून ठेवा, अंगावर घाम फुटू द्या, कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मग भरा. पाच मिनिटांची घाई केली तर कडेच्या कुप्या गोठतात. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर दारात नाही, बर्फाच्या कप्प्याखाली चिकटून नाही, मधल्या फळीवर, थर्मामीटरसह.
अ‍ॅडज्युव्हंटवाली तयार सिरिंज दुधासारखी पांढरी असते, टोचण्याआधी हलक्या हातानं हलवायची. साधी लस पारदर्शक ते किंचित धुरकट. पांढरी दिसली म्हणून "खराब" ठरवून फेकू नका, नि स्वच्छ दिसली म्हणून "पांढरी का नाही" असं भांडू नका.

हडपसर_लोकल
साथीतल्या दोन कुप्यांच्या लशींचा घोळही सांगा.

थंडसाखळी
एका कुपीत २.५ मिली प्रतिजन, दुसरीत २.५ मिली एएस०३ चं दूध. दोन्ही खोलीच्या तापमानाला आणायच्या, दुधाची कुपी हलवून सगळं सिरिंजमध्ये ओढायचं, प्रतिजनाच्या कुपीत सोडायचं, हलवायचं. झाले ०.५ मिलीचे दहा डोस, २४ तासांत संपवायचे. चुका त्याच-त्याच: दूध अर्धंच ओढलं, मिसळल्याची वेळ लेबलवर लिहिली नाही, किंवा गर्दीत नुसती एकच कुपी टोचली. नुसतं दूध टोचलं तर दवंडी झाली आणि माल नाही. नुसतं प्रतिजन टोचलं तर ३.७५ मायक्रोग्रॅम गुपचूप आलं नि गेलं.

नवागत_कोथरूड
चुलतभाऊ सांगत होता की चार स्ट्रेनची लस घ्या, तीनची जुनी झाली. कुठली मागायची?

डॉ_कर्वेरोड
नवागत, चक्र उलटं फिरलंय. बी/यामागाता हा प्रकार, म्हणजे तो चौथा स्ट्रेन, मार्च २०२० नंतर खात्रीनं सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२३ पासून त्याची गरज नाही असं सांगितलं. चौथ्या स्ट्रेनसाठी जास्त पैसे मोजू नका, चार असल्या तरी अपाय नाही.
मुठाकाठ, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच ओघात. आपल्याकडे दवाखान्यात सर्रास मिळणाऱ्या फ्लूच्या लशी साध्या, १५ मायक्रोग्रॅमच्या. खोक्यावर घटकांत स्क्वॅलीन किंवा एमएफ५९सी.१ असेल तरच ती अ‍ॅडज्युव्हंटवाली. साधी घ्यायचीच. पुण्यात फ्लूचा मोठा भर जुलै ते सप्टेंबर, मग थंडीत एक छोटी लाट. लस लागू व्हायला दोन आठवडे. म्हणून मे अखेर योग्य, आणि तेव्हा खोक्यावर चालू वर्षाचा दक्षिण गोलार्ध (तिकडच्या हंगामासाठी निवडलेले स्ट्रेन) आहे का बघा. गेल्या हंगामाचा उरलेला उत्तर गोलार्धाचा साठा सवलतीत देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. म्हाताऱ्यांत प्रतिपिंडं लवकर ओसरतात, त्यामुळे मार्चमध्ये उरकून टाकायची घाई नको.

काथ्याकूट
उलट विचार करा. अ‍ॅडज्युव्हंट नाही म्हणून दोन डोस दिले तर?

लसिकाग्रंथी
नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्यांदा देताना दोन देतातच, चार आठवड्यांच्या अंतरानं, कारण ओळख नसते. वृद्धांत त्याच हंगामात दुसरा साधा डोस देऊन फारसं काही पदरात पडत नाही. पहिल्या डोसानं स्मृतिपेशी उठवायच्या तेवढ्या उठवल्या.

मुठाकाठ
मसुदा केला:
"अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे लशीतली दवंडी. परदेशात वृद्धांना तशी किंवा जास्त मात्रेची लस देतात, तिनं संरक्षण दुप्पट होतं. आपल्याकडे मिळणारी साधी लसही घ्यावी. मे अखेरीस, चालू वर्षाची, दक्षिण गोलार्धाची. दंड दोन दिवस दुखेल. टोचल्यावर अर्धा तास बसून जावे."

बटणमोजा
"दुप्पट" काढा. दुप्पट झालं ते सहा वर्षांखालच्या पोरांत. तुमच्या सभासदांत सरासरी टायटर १.१५ ते १.६ पट, आणि आजारातला फरक स्ट्रेन जुळण्यावर.

शंकासुर
"दवंडी" च्या खाली "गुळवेल वेगळी" असं लिहा.

मुठाकाठ
दुप्पट काढलं, "थोडं वाढतं, स्ट्रेन जुळला तर" केलं. गुळवेलीचा कागद फाडता येत नाही, तो अध्यक्षांनी लावलाय. थंडसाखळी, कॅरियरचे आइसपॅक सकाळी किती वाजता बाहेर काढायला सांगू? शिबिर नऊला.

थंडसाखळी
घड्याळ लावू नका, मे महिना आहे. आठच्या सुमारास टेबलावर काढायला सांगा आणि खळखळ ऐकू आल्याशिवाय एकही कुपी आत ठेवू देऊ नका.